पहिल्यांदाच क्रूझला निघताय? टिपेचा हिशेब आणि थीम नाइटचे कपडे घरूनच ठरवून निघा

चौथ्या रात्री जेवण उरकून केबिनकडे आलो, तर दाराच्या खाचेत बिल अडकवलेलं होतं. सिंगापूरहून सुटणारं जहाज, चार रात्री, आम्ही दोन जोडपी: आम्ही दोघं आणि दीर-जाऊ. निघताना एजंटानं ‘सगळं धरून’ असं तीनदा सांगितलं होतं. बिलात मात्र दोन कॉफ्या आणि एका फोटोच्या खाली ‘ग्रॅच्युइटी’, म्हणजे टीप, अशी ओळ होती आणि तिच्यापुढं 144 डॉलर. दोन माणसं, चार रात्री, रोज माणशी 18. जाऊबाईंच्या केबिनचंही तेवढंच. डॉलर 90 रुपयांचा धरला तर दोन्ही केबिनचे मिळून 25,920 रुपये झाले. तासगावला द्राक्षाच्या बागेत काम करणाऱ्या बाईला एवढे पैसे मिळवायला किती दिवस वाकावं लागतं ते आम्ही रोज बघतो, त्यामुळं त्या आकड्यानं पोटात गोळाच आला.

रिसेप्शनपुढं रांग होती. पुढचे काही जण ती ओळच काढून टाका म्हणत होते, आणि बऱ्याच जहाजांवर तशी ती काढूनही देतात. मीही रांगेत उभी राहिले. पण आमची केबिन आवरणारा मुलगा डोळ्यांपुढून जाईना. इंडोनेशियाचा. घर सोडून आठ महिने झालेले, धाकटीला त्यानं अजून फोनवरच पाहिलेलं. रोज संध्याकाळी तो टॉवेलचा हत्ती नाहीतर माकड करून पलंगावर ठेवायचा आणि यांचा चष्मा त्याच्या नाकावर लावायचा. त्याचे पैसे कापायला मी रांगेत उभी आहे, हे लक्षात आलं आणि मी मागं फिरले.

तेव्हापासून आमच्या ओळखीतलं कोणी क्रूझला निघालं की मी त्यांना बसवून सगळं समजावून सांगते. तेच इथं लिहिते आहे. ही रक्कम तिकिटाचाच भाग आहे. ती घरून निघतानाच बाजूला काढली, तर शेवटच्या रात्री ना पोटात गोळा येतो, ना कोणाच्या कष्टावर कात्री चालवायची वेळ येते.

जहाजावरची टीप वेगळी असते

आपल्याकडं हॉटेलात जेवण झालं की बडीशेपेच्या बशीत दहा-वीस रुपये ठेवतो. दिले तर दिले, नाही दिले तरी कोणी विचारत नाही. क्रूझवर तसं नाही. अमेरिकी पद्धतीच्या बहुतेक कंपन्या रोज, दर माणशी, ठरलेली रक्कम तुमच्या खात्यात आपोआप टाकतात. साध्या केबिनला ती साधारण 16 ते 20 डॉलर असते, मोठ्या आलिशान केबिनला (स्वीट) त्याहून जास्त. मुलांचीही लागते. काही कंपन्या तान्ह्या बाळांना सोडतात, काही लहान मुलांना कमी लावतात. नाव कुठं ग्रॅच्युइटी, कुठं सर्व्हिस चार्ज, कुठं हॉटेल सर्व्हिस चार्ज, पण प्रकार तोच.

हे पैसे केबिन आवरणारा, टेबलावर वाढणारे वेटर, त्यांचे मदतनीस आणि कंपनीप्रमाणं पडद्यामागची लाँड्री-स्वयंपाकघरातली माणसं यांच्यात वाटले जातात. म्हणून ‘मी त्याला हातात देईन, बिलातलं काढा’ हा हिशेब वरवर बरोबर दिसतो, पण त्यात तुमच्या चादरी धुणारा माणूस वगळला जातो. तो तुम्हाला कधी दिसतच नाही.

कामाची कल्पना यावी म्हणून एक गोष्ट सांगते. खलाशांच्या कामाचा एक आंतरराष्ट्रीय करार आहे, 2006 सालचा. तो 2013 पासून लागू झाला आणि भारतानं 2015 मध्ये त्याला मान्यता दिली. त्यात कामाच्या तासांची कमाल मर्यादा आठवड्याला 72 तास धरलेली आहे. जहाजावरच्या माणसाला रविवार नसतो, करार सहा ते नऊ महिन्यांचा असतो, आणि तेवढे दिवस तो रोज कामावर असतो.

टीप भाड्यातच धरणाऱ्या कंपन्याही आहेत. ब्रिटनच्या पी अँड ओ क्रूझेसनं 2019 पासून वेगळी टीप लावणं बंद केलं. सिल्व्हरसी, रीजंट यांसारख्या महागड्या जहाजांवरही ती भाड्यातच असते. म्हणून आपल्या जहाजाचं काय ते नेमकं विचारायचं.

बुकिंगआधी एजंटाकडून लिहून घ्या

तोंडी ‘सगळं धरून’ चालवून घेऊ नका. व्हॉट्सॲपवर का होईना, लेखी उत्तर घ्या. टीप भाड्यात आहे का? नसेल तर रोज माणशी किती, आणि कुठल्या चलनात? मुलांना किती? ती इथूनच आगाऊ भरता येते का? पेयांच्या पॅकेजवर वेगळा सर्व्हिस चार्ज लागतो का? बंदराचे कर आणि इंधनाचा अधिभार भाड्यात आहे का?

आगाऊ भरण्याची सोय असेल तर मी तीच घ्यायला सांगते. पैसे एकदा गेले की जहाजावर त्या ओळीकडं बघावंही लागत नाही. बुकिंगनंतर कंपनीनं दर वाढवला, तरी आगाऊ भरलेल्यांना बहुधा जुनाच दर राहतो, पण याचीही खात्री करून घ्या.

मुंबईहून सुटणाऱ्या कॉर्डेलियाच्या जहाजानं जाणारे आपल्याकडं पुष्कळ आहेत. 2021 मध्ये ही सेवा सुरू झाल्यापासून व्हिसाची कटकट नको म्हणून पहिली क्रूझ तिथूनच करतात. तिथंही तिकिटाची फोड मागून घ्या आणि सर्व्हिस चार्जची ओळ बोट ठेवून वाचा. जाण्याचं सोपं आहे: सांगलीहून रात्री महालक्ष्मी एक्सप्रेसमध्ये बसलं की सकाळी सीएसएमटी, आणि तिथून बॅलार्ड पिअर टॅक्सीनं काही मिनिटांवर. साताऱ्याच्या मंडळींनाही हीच गाडी. मात्र गाडी आणि जहाज एकाच दिवशी ठेवताना जीव टांगणीला लागतो. शक्य असेल तर आदल्या दिवशीच मुंबई गाठा. जहाज कोणासाठी थांबत नाही.

कार्ड, ठेव आणि सुट्ट्या नोटा

जहाजावर रोख पैसे जवळजवळ चालत नाहीत. चढताना एक प्लास्टिकचं कार्ड मिळतं. तेच केबिनची किल्ली, तेच ओळखपत्र आणि तेच पाकीट. त्याला तुमचं क्रेडिट कार्ड जोडतात, नाहीतर काउंटरवर रोख ठेव ठेवावी लागते.

आपल्या बँकांची कार्डं परदेशी व्यवहारासाठी आधी बंद असतात. रिझर्व्ह बँकेच्या नियमानं 2020 पासून तसं आहे. निघण्याआधी बँकेच्या ॲपमध्ये जाऊन ते सुरू करा आणि मर्यादा वाढवून ठेवा. ओटीपी येण्यासाठी फोन चालू लागतो आणि समुद्रात रेंज नसते, म्हणून हे काम घरी बसूनच उरका. डेबिट कार्ड शक्यतो जोडू नका. जहाजवाले अंदाजानं काही रक्कम अडवून ठेवतात आणि ती सुटायला नंतर बरेच दिवस जातात. क्रेडिट कार्डावर त्याचा फारसा त्रास होत नाही.

जहाज सुटलं की फोन लगेच विमान मोडवर टाका. समुद्रातलं रोमिंग उपग्रहावरून चालतं आणि त्याचं बिल टिपेपेक्षा मोठं येऊ शकतं. जहाजाचं स्वतःचं ॲप मात्र बहुतेक ठिकाणी इंटरनेट विकत न घेताही जहाजाच्या वायफायवर चालतं. रोजचा कार्यक्रम आणि तुमचं बिल दोन्ही त्यात दिसतं. मी रोज झोपण्याआधी बिल बघायला सांगते. चुकीची ओळ त्याच दिवशी दाखवली तर लगेच दुरुस्त होते. शेवटच्या रात्री तेच सांगायला तासभर रांगेत उभं राहावं लागतं.

याशिवाय एक आणि पाच डॉलरच्या मिळून 40-50 डॉलरच्या नोटा वेगळ्या पाकिटात ठेवा. परकीय चलन घेतानाच सुटे मागा. शंभराच्या नोटा हातात पडल्या की त्या मोडत बसावं लागतं.

हातात कोणाला, किती

आपोआप कापली जाणारी टीप भरली असेल तर वर काही देणं सक्तीचं नाही. कोणी मनापासून केलं असेल तर द्यावं. रूम सर्व्हिसनं चहा-नाश्ता आणून देणाऱ्याला 2-3 डॉलर हातात देतात. शाकाहारी किंवा जैन जेवणाची सोय रोज आदल्या दिवशी विचारून करून देणारा हेड वेटर असतो. त्याला शेवटच्या रात्री जरूर द्या, कारण त्या जेवणासाठी तो स्वयंपाकघरात वेगळं सांगून येतो. आमच्या जाऊबाई कांदा-लसूण खात नाहीत. चारही रात्री त्यांच्यापुढं वेगळं ताट आलं, आणि तिसऱ्या दिवशी तर वरण-भातावर तूपही आलं. मुलांच्या क्लबमधल्या ताई-दादांना सामायिक टिपेतला वाटा बहुधा मिळत नाही. तुमची मुलं तिथं रमली असतील तर त्यांचीही आठवण ठेवा.

कॅप्टनला आणि अधिकाऱ्यांना पैसे देत नाहीत. ते त्यांना अवघड होतं. चार ओळींचं पत्र लिहून रिसेप्शनवर द्या. त्या पत्रात एखाद्या कर्मचाऱ्याचं नाव लिहिलंत तर ते वरपर्यंत जातं आणि त्याच्या पुढच्या बढतीला उपयोगी पडतं. पैशांइतकंच मोलाचं हे काम आहे आणि त्याला खर्च काही नाही. नाव छातीवरच्या पट्टीवर असतं. पहिल्याच दिवशी लिहून ठेवा.

बारच्या पावतीवर मात्र डोळे उघडे ठेवा. तिथं दर पेयावर 18 ते 20 टक्के आधीच लावलेले असतात आणि खाली टिपेसाठी पुन्हा एक मोकळी ओळ असते. ती भरली की दुप्पट टीप जाते. साध्या लिंबू-सोड्यालाही हेच. स्पामध्येही तसंच. ओळीवर रेघ मारून सही करा. त्यात कमीपणा काही नाही.

बंदरावर उतरल्यावर नियम देशाप्रमाणं बदलतात. अमेरिकेच्या बंदरात बॅग उचलणाऱ्याला एका बॅगेमागं एक-दोन डॉलर देतात. सिंगापूरला जमिनीवर टिपेची पद्धतच नाही. जपानमध्ये तर टीप पुढं केली की समोरचा माणूस संकोचतो. किनाऱ्यावरच्या सहलीच्या गाइडला आणि ड्रायव्हरला जिथं पद्धत आहे तिथं दोन ते पाच डॉलर पुरतात.

थीम नाइट: कपाटातूनच सगळं निघतं

हा माझ्या आवडीचा भाग. दरवेळी मंडळी निघण्याआधी कोल्हापूर-पुण्याला खरेदीला धावतात, आणि तिथं गेल्यावर कळतं की घरचंच जास्त शोभलं असतं.

आधी आपल्या जहाजावर कुठल्या रात्री आहेत ते बघा. बुकिंगनंतर कंपनीच्या ॲपमध्ये किंवा प्रवासाच्या कागदांत बहुधा दिलेलं असतं, नाहीतर एजंटाकडून काढून घ्या. नेमकी तारीख जहाजावरच्या रोजच्या पत्रकात येते. हे पत्रक आदल्या संध्याकाळी केबिनमध्ये ठेवतात. सात रात्रींच्या सफरीत साधारण दोन फॉर्मल नाइट असतात, तीन-चार रात्रींच्या सफरीत एक. त्याशिवाय पांढऱ्या कपड्यांची रात्र, चमकणाऱ्या रंगांची ग्लो पार्टी, फुलाफुलांच्या शर्टांची ट्रॉपिकल रात्र, ऐंशीच्या दशकाची रात्र असं काहीबाही असतं. व्हर्जिन व्हॉयेजेसवर लाल रंगाची रात्र असते, डिस्नेच्या जहाजांवर समुद्री चाच्यांची, क्युनार्डवर काळ्या-पांढऱ्याची. कोस्टाच्या इटालियन रात्री हिरवा-पांढरा-लाल घालतात.

फॉर्मल नाइटला सूट-टायच हवा असं कुठंही नाही. आपला पोशाख राष्ट्रीय पोशाख म्हणून चालतो. पुरुषांना बंद गळ्याचा कोट, नाहीतर झब्बा आणि नेहरू जाकीट. बायकांना कुठलीही काठपदराची साडी. त्या रात्री कॅप्टन सगळ्यांचं स्वागत करतो आणि जिन्यापाशी फोटोग्राफर उभे असतात. फोटो काढून घ्यायला पैसे लागत नाहीत, विकत घ्यायला लागतात. एकच निवडा. पैठणी नेणारच असाल तर एक सांगते: केबिनमध्ये इस्त्री चालत नाही. आगीच्या भीतीनं ती तपासणीतच काढून घेतात. साडी घडी घालण्याऐवजी सुती पंच्यात गुंडाळून न्या, आणि पोचल्या दिवशीच हँगरला लावून न्हाणीघरात गरम पाण्याच्या वाफेला दहा मिनिटं टांगा. जरीला थेट पाणी लागू देऊ नका.

पांढऱ्या रात्रीबद्दल थोडं जास्त बोलायला हवं. पुरुषांना तर ही रात्र म्हणजे घरचीच. पांढरा सदरा, पांढरा लेंगा, डोक्यावर पांढरी टोपी: आमच्या सांगलीच्या मार्केट यार्डात हळदीच्या सौद्याला अर्धी माणसं याच वेशात असतात. यांनी तोच वेश केला. डेकवर पोचलो तेव्हा निम्मी गर्दी यांच्याबरोबर फोटो काढायला आली, आणि टोपी कशी घालायची ते शिकायला एक ऑस्ट्रेलियन आजोबा शेजारी येऊन बसले. बायकांचं मात्र वेगळं असतं. जाऊबाई म्हणाल्या, ‘सवाष्णीनं पांढरी साडी कशी नेसायची?’ हा प्रश्न आपल्याकडच्या बऱ्याच घरांत निघतो आणि तो हसण्यावारी नेऊ नये. त्यावर सोपा उपाय आहे. मोतिया रंगाची चंदेरी, सोनेरी काठ, वर लाल किंवा हिरवं ब्लाउज, हातात हिरवा चुडा. थीमही सांभाळली जाते आणि मनही सांभाळलं जातं. सोनेरी काठाच्या पांढऱ्या साडीला तिथं कोणी हरकत घेत नाही.

काळ्या-पांढऱ्या रात्रीला संक्रांतीची काळी साडी काढा. चंद्रकळा असेल तर बघायलाच नको. लाल रात्रीला लाल इरकल आणि टोपपदर. चाच्यांच्या रात्रीला मुलांना लाल-काळा रुमाल डोक्याला बांधला की झालं. खेळण्यातली तलवार-पिस्तूल मात्र बॅगेत नको, तीही तपासणीत जाते. ग्लो पार्टीला पांढरा टी-शर्ट पुरतो. कपडे धुण्याच्या पावडरीत कापड उजळ दिसावं म्हणून जे रसायन असतं, ते तिथल्या जांभळ्या दिव्यांखाली आपोआप निळसर चमकतं.

डेकवर वारा फार असतो. पदराला खांद्यावर दोन आणि कमरेला एक पिन लावाच. नऊवारी नेसता येत असेल तर तिच्यासारखी सोय नाही, कारण सगळं खोचलेलं असतं. चामड्याच्या तळाची कोल्हापुरी ओल्या डेकवर घसरते, म्हणून रबरी तळाची चप्पल घाला. आणि रात्री उघड्या डेकवर गार लागतं, शाल असू द्या.

नसेलच काही करायचं, तर त्या रात्री बुफेत जेवा. तिथं थीमची सक्ती नसते. मुख्य डायनिंग हॉलमध्ये मात्र बऱ्याच जहाजांवर हाफ पँट आणि रबरी स्लीपर चालत नाहीत, रोजच्या रात्रीही नाही. पण सांगलीसारख्या नाट्यपंढरीच्या माणसांनी वेश करायला लाजू नये असं मला मनापासून वाटतं. त्या चार तासांत अनोळखी माणसं जेवढी जवळ येतात तेवढी सबंध सफरीत येत नाहीत.

बॅग भरताना आणखी दोन गोष्टी. अगरबत्ती, निरांजन, मेणबत्ती नेऊ नका. देवाचा छोटा फोटो नेला तर हरकत नाही. घरी केलेलं खाणं बहुतेक जहाजांवर चढू देत नाहीत. कंपनीचं सील असलेली पाकिटं चालतात. आपलं भडंग, बेदाणा, साताऱ्याचे कंदी पेढे दुकानातून सीलबंदच घ्या. मात्र हे खाणं बंदरावर खाली उतरवू नका, कित्येक देशांत त्याला बंदी असते.

शेवटची रात्र

बिल रात्री आठाच्या आतच ॲपवर नाहीतर केबिनच्या टीव्हीवर बघून घ्या. काही चुकलं असेल तर जेवणाच्या वेळी रिसेप्शनवर जा, तेव्हा रांग लहान असते. मोठ्या बॅगा टॅग लावून दहा-अकराच्या आत केबिनबाहेर ठेवायच्या असतात. त्याआधी पासपोर्ट, औषधं आणि सकाळी घालायचे कपडे हातातल्या पिशवीत काढलेत ना, ते तपासा. रात्रीच्या गाउनवर अडकलेली बाई मी स्वतः पाहिली आहे.

केबिनवाल्याला वर काही द्यायचं असेल तर ते याच रात्री द्या. सकाळी त्याला श्वास घ्यायला सवड नसते. आठ-नऊच्या आत केबिन रिकाम्या होतात आणि दुपारी नवी माणसं येतात.

त्या रात्री मी रांगेतून परत आले, पाकिटात वीस डॉलर घातले आणि बरोबर बेदाण्याची एक सीलबंद पुडी घेतली. तो जिन्याजवळ टॉवेलांची ढकलगाडी लावत होता. पाकीट त्यानं न उघडताच खिशात ठेवलं, पुडी मात्र तिथंच फोडली. दोन दाणे तोंडात टाकले आणि हे कुठून येतात म्हणून विचारलं. यांनी फोनवर तासगावच्या शेडचा फोटो दाखवला. जाळ्यांच्या थरांवर वाळत घातलेली हिरवी द्राक्षं, खाली उभ्या बायका. त्यानं फोटो बोटांनी मोठा करून बघितला, आणि त्या बायकांना दिवसाला किती मिळतात, असं विचारलं.